चालत्या वाड्याला आधार कशाचा?

सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत मोडणाऱ्या माण, खटाव, फलटण, आटपाडी, जत, सांगोला, पारनेर या तालुक्यांत वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तोही एका वर्षी पडला म्हणून दुसऱ्या वर्षी पडेलच असे नसते. अशा मुलखात पिकापेक्षा मेंढीचा भरवसा अधिक, हे धनगर मेंढपाळांनी पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून ओळखले आणि आपले वर्ष त्यानुसार बांधले. पावसाळा गावाकडच्या माळावर काढायचा, दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड घोड्यांवर लादून बाहेर पडायचे, घाट उतरून कोकणातल्या कापलेल्या भातखाचरांत किंवा भीमा-कृष्णेच्या खोऱ्यांतल्या मोकळ्या रानांत कळप चारायचा आणि मृग लागण्याच्या सुमारास पुन्हा पठार गाठायचे, असा हा क्रम आहे. एकत्र चालणाऱ्या काही कुटुंबांच्या समूहाला, त्यांच्या कळपांसह, 'वाडा' म्हणतात. वाडा ज्या शेतात रात्री बसतो त्या शेताला लेंडीखत आणि मूत मिळते आणि त्या बदल्यात शेतकरी धान्य किंवा रोख रक्कम देतो. २०१९च्या पशुगणनेत राज्यात सुमारे २७ लाख मेंढ्यांची नोंद झाली, परंतु त्यांतील किती चालत्या कळपांतील होत्या हे त्या गणनेतून समजत नाही. भटक्या पशुपालकांच्या जनावरांची वेगळी माहिती घेण्याचे २०२४ साली सुरू झालेल्या एकविसाव्या पशुगणनेत प्रथमच ठरले.

हवामानाचे आघात वाढत असताना या मेंढपाळांना मदत कोणती द्यावी, या प्रश्नाची दोन परस्परविरोधी उत्तरे सरकारी कचेऱ्यांत, कृषी विद्यापीठांत आणि स्वयंसेवी संस्थांच्या बैठकांत वारंवार ऐकू येतात. एका मतानुसार भटकंती हेच संकटाचे मूळ असून मेंढपाळाला स्थिर केल्याखेरीज त्याचे रक्षण होणार नाही. दुसऱ्या मतानुसार भटकंती हेच संकटावरचे सर्वांत जुने आणि आजही सर्वांत स्वस्त उत्तर आहे. हे दोन पक्ष येथे दोन कल्पित वक्त्यांच्या तोंडी घातले आहेत: एक, पशुसंवर्धन विभागातून निवृत्त झालेले पशुधन विकास अधिकारी, आणि दुसऱ्या, चराऊ रानांचा अभ्यास करणाऱ्या एक संशोधिका. वक्ते कल्पित असले तरी त्यांच्या बोलण्यातील घटना आणि योजना खऱ्या आहेत.

अधिकारी : मॅडम, बोलणे २०२१च्या डिसेंबरपासून सुरू केलेले बरे. महिन्याच्या पहिल्याच दोन दिवसांत पुणे आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत अवकाळी पाऊस आणि गार वारा एकत्र आला आणि उघड्या रानात बसलेल्या वाड्यांतील मेंढ्या शेकड्यांनी मेल्या. मेंढी थंडी सोसते, एखादी सरही सोसते. पण लोकर पाण्याने जड झाली, वरून वारा सुटला आणि पोटात चारा नसला की तिच्या अंगातली ऊब टिकत नाही. मग कळप उबेसाठी एकमेकांवर रेटतो, खालची जनावरे गुदमरतात, आणि नुकतीच कातरलेली मेंढी व कोकरे सर्वांत आधी जातात. रात्री कळपाभोवती जी जाळी लावतात, तिला मेंढपाळ वाघर म्हणतात; ती वाघर लांडग्याला अडवते, पावसाला अडवत नाही. गोठ्यात असती तर ही जनावरे वाचली असती, याबद्दल कोणाही पशुवैद्याचे दुमत होणार नाही. तेव्हा मेंढपाळाला एका जागी बसवावे, निवारा द्यावा, चारा पिकवायला पाणी द्यावे आणि जनावरांचा विमा उतरवावा, एवढे साधे हे काम आहे.

संशोधिका : त्या दोन रात्रींपुरते आपले म्हणणे मान्य आहे, डॉक्टर, पण दोन रात्रींवरून वर्षाचा हिशेब मांडता येत नाही. २०१२-१३ आणि २०१८-१९च्या दुष्काळांत माणदेशातील दावणीची जनावरे चारा छावण्यांत न्यावी लागली, कारण घरच्या घरी त्यांना जगवणे कोणालाच परवडत नव्हते; वैरण बाहेरच्या जिल्ह्यांतून येत होती आणि पाणी टँकरने येत होते. त्या छावण्यांची सगळी मांडणी मुळात गाई-म्हशींचा विचार करून झालेली होती. चालत्या कळपांनी मात्र त्या वर्षीही नेहमीप्रमाणे, किंबहुना नेहमीपेक्षा लवकर, चारा असेल त्या दिशेचा रस्ता धरला. पाऊस एकाच तालुक्यात सगळीकडे सारखा पडत नाही, हे ज्या मुलखाचे वास्तव आहे, तेथे जनावराला पावसामागे नेणे ही अडाणी सवय मानण्याचे कारण नाही. वाड्यातला जाणता माणूस आधी पुढे जाऊन रान बघून येतो, कोणत्या गावात काढणी झाली, कोणत्या विहिरीला पाणी आहे, कोणता शेतकरी मेंढ्या बसवून घेईल हे ठरवतो आणि मगच बिऱ्हाड हलते. आता हेच काम बरेचसे मोबाइलवर होते. आपण ज्याला आधार म्हणून बाहेरून देऊ पाहता, त्याचा मोठा भाग त्यांच्याकडे आधीपासून आहे.

येथवर दोघांचेही बोलणे खरे आहे, आणि ते परस्परांना छेद देत नाही याचे कारण दोघे वेगवेगळ्या आघातांविषयी बोलत आहेत. दुष्काळ हा सावकाश येणारा आघात आहे. त्याची चाहूल महिनाभर आधी लागते आणि पायांना वेळ मिळतो. अवकाळी पाऊस, गारपीट किंवा थंडीची लाट हा एका रात्रीचा आघात आहे. त्यापुढे चालणे निरुपयोगी ठरते, कारण कळप तासाभरात दोन-तीन किलोमीटरांपलीकडे जात नाही. पहिल्यावरचा उपाय दुसऱ्यावर लावला की पैसा खर्च होतो आणि मेंढ्या मरायच्या त्या मरतातच. यात आता तिसऱ्या प्रकारची भर पडू लागली आहे, ती म्हणजे वेळापत्रकच सरकण्याची. २०२५ साली मान्सून २६ मे रोजी मुंबईत पोहोचला, नोंदी ठेवल्या जाऊ लागल्यापासून इतक्या लवकर तो कधीच आला नव्हता, आणि त्याच सुमारास बारामती, इंदापूर, फलटण या कोरड्या समजल्या जाणाऱ्या तालुक्यांत शेतांचे तलाव झाले. कोकणातून पठाराकडे परतण्याचे दिवस हेच असतात. कोकणातल्या पावसात दख्खनी मेंढीचे खूर सडतात, पोटात जंत आणि यकृतातल्या चपट्या कृमी वाढतात, म्हणून पाऊस लागण्याआधी घाट चढून वर येणे हा या व्यवसायाचा पहिला नियम आहे. पंचांगावर किंवा बापजाद्यांच्या आठवणीवर हा नियम पाळणे यापुढे अवघड होणार, हे दोन्ही वक्त्यांना मान्य करावे लागेल.

अधिकारी : वेळापत्रक सरकत असेल, तर ते स्थिरतेच्याच बाजूचे प्रमाण समजावे लागेल. शिवाय चालण्याने प्रत्येक जनावरामागे उत्पन्न कमी राहते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने दख्खनी मेंढीत बंगालच्या सुंदरबनातील गारोळ मेंढीचा जुळी कोकरे देणारा जनुक आणून 'नारी सुवर्णा' ही जात तयार केली. तोच जनुक अठराव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्याहून जहाजाने गेलेल्या मेंढ्यांबरोबर ऑस्ट्रेलियात पोहोचला होता आणि तिथल्या बुरुला मेरिनोमुळे जगाला माहीत झाला. आपल्याकडची वस्तू आपल्याला परदेशातून फिरून कळली. अशी मेंढी घरी ठेवली, मका आणि मुरघास, म्हणजे हिरवा चारा हवाबंद करून आंबवलेला साठा, तिला दिला, तर शंभर मेंढ्यांमागे धावण्याऐवजी तीस मेंढ्यांत तेच उत्पन्न मिळेल. कळप लहान झाला की आघातही लहान होतो.

संशोधिका : ती जात चांगली आहे आणि ते संशोधन प्रामाणिक आहे, प्रश्न आहे तो मक्याचा. जुळी कोकरे पाजणाऱ्या मेंढीला खुराक अधिक लागतो, आणि तो खुराक ज्याच्याकडे ओलिताची जमीन आहे त्यालाच घरचा मिळतो. बिनजमिनीच्या किंवा दोन एकर कोरडवाहूच्या मेंढपाळाला तो विकत घ्यावा लागेल, आणि ज्या वर्षी पाऊस नसेल त्याच वर्षी वैरणीचा भाव चढेल. म्हणजे हवामानाचा धोका संपत नाही, तो बाजाराच्या वाटेने घरात येतो. जातीच्या सुधारणेचा जुना धडाही विसरण्यासारखा नाही. लोकर वाढावी म्हणून दख्खनी मेंढीचा मेरिनो, रॅम्बुले अशा परदेशी मेंढ्यांशी संकर करण्याचे प्रयोग सरकारने कित्येक वर्षे केले. पुढे दख्खनी लोकरीला भाव उरला नाही, घोंगडी विणणारे माग बंद पडत गेले, आणि मेंढपाळाने स्वतःहून माडग्याळ मेंढ्याला पसंती दिली, कारण तो उंच, भराभर वाढणारा आणि मटणाच्या बाजारात भाव खाणारा आहे. बाजाराचा रोख मेंढपाळाला कळला होता, तो योजनेला कळला नव्हता.

अधिकारी : चुका झाल्या असतील, पण त्यामुळे विम्याचा मुद्दा बाद होत नाही. राष्ट्रीय पशुधन अभियानात २०२४च्या सुधारणेनंतर लाभार्थ्याला हप्त्याचा १५ टक्केच वाटा भरावा लागतो आणि मर्यादाही दहा पशुघटकांची, म्हणजे शंभर मेंढ्यांची झाली आहे. केनियात तर याच्या पुढची पायरी आहे. तिथल्या उत्तरेकडील मार्साबिट भागात २०१० साली निर्देशांकावर आधारलेला पशुविमा सुरू झाला. त्यात मेलेले जनावर मोजत बसत नाहीत, उपग्रह त्या टापूतली हिरवळ मोजतो, हिरवळ ठरलेल्या पातळीखाली गेली की भरपाई मिळते, आणि नंतर तर जनावरे मरण्याआधीच चाऱ्यासाठी पैसे हाती पडावेत अशी तिची रचना बदलली. कानातल्या बिल्ल्याची, शवविच्छेदनाची, पंचनाम्याची कटकट नाही. हे येथे का होऊ नये?

संशोधिका : कारण उपग्रहाला उसाचा फड हिरवा दिसतो आणि मेंढीला तो बंद असतो. मार्साबिटचा माळ मोकळा आहे. तिथली हिरवळ म्हणजे बव्हंशी जनावराचा चारा. फलटण-बारामतीची हिरवळ म्हणजे ऊस, डाळिंब, कालव्याखालचा मका. दुष्काळात विहिरींवर उभे राहिलेले पीक निर्देशांकाला दिलासा देईल आणि कळपापुढे मात्र काटेरी तार असेल. शिवाय वाडा नोव्हेंबरात एका जिल्ह्यात आणि मार्चमध्ये दुसऱ्या जिल्ह्यात असतो. त्याची हिरवळ कोणत्या चौकोनात मोजायची? आणि डिसेंबर २०२१च्या त्या दोन रात्री तर या विम्याच्या हिशेबातच येत नाहीत.

विम्यापेक्षा सरकारी मदतीचा निकष या प्रश्नावर अधिक प्रकाश टाकतो, म्हणून तो थोडा जवळून पाहणे आवश्यक आहे. केंद्राच्या आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ नंतरच्या निकषांनुसार आपत्तीत मेलेल्या मेंढी-शेळीमागे ४,००० रुपये मिळतात, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त तीन मोठ्या किंवा तीस लहान दुधाळ जनावरांपुरतीच ही मदत देय असते. बाजारात चांगल्या मेंढीची किंमत याच्या दुपटीपुढे जाते, हा भाग सोडून दिला तरी तीसची मर्यादा ज्याने घातली त्याच्या डोळ्यांपुढे परसातल्या चार शेळ्या होत्या, शंभर-दीडशे मेंढ्यांवर जगणारे घर नव्हते, हे उघड आहे. राज्य सरकार एखाद्या वर्षी निकष सैल करते, पण ती त्या वर्षाची कृपा असते. पंचनाम्याचे दुखणे वेगळेच आहे. मेंढी मेली जुन्नर तालुक्यातल्या कोणाच्या तरी शेतात, मालकाचे गाव पारनेर तालुक्यात, तलाठी त्याला ओळखत नाही, पशुवैद्य येईपर्यंत कलेवरे कुजू लागतात, शेताच्या मालकाला ती लवकर पुरलेली हवी असतात, आणि उरलेल्या कळपाला चारा हवा म्हणून वाड्याला दुसऱ्या दिवशी पुढे सरकणे भाग असते. मेंढपाळाने थांबून कागद पुरा करायचा की जिवंत जनावरे जगवायची, अशी ही अडचण आहे. तो दुसरा पर्याय निवडतो आणि मदतीच्या यादीतून वगळला जातो.

संशोधिका : याहूनही मूळचा प्रश्न रानाचा आहे. मारवेल, पवन्या, कुसळी यांसारख्या गवतांचा माळ शतकानुशतके चरला गेला आहे. सरकारदप्तरी मात्र तो 'पडीक' ठरला. पडीक म्हटले की त्यावर झाडे लावणे पुण्याचे काम होते, वनखात्याचे कुंपण येते, सौर प्रकल्प येतो, गायरानावर अतिक्रमण होते. २००६च्या वनहक्क कायद्याने भटक्या पशुपालकांचा हंगामी चराईचा हक्क स्पष्ट शब्दांत मान्य केला आहे. पण तो मागायचा ग्रामसभेकडे, आणि ज्या गावाच्या हद्दीतून वाडा वर्षातले आठ दिवस जातो त्या गावाच्या ग्रामसभेत तो उपरा असतो. आदिवासींखेरीजच्या इतर पारंपरिक वननिवासींप्रमाणेच त्यालाही तीन पिढ्यांचा, म्हणजे पंच्याहत्तर वर्षांचा पुरावा द्यावा लागतो. घोड्यावर लादलेल्या बिऱ्हाडात पंच्याहत्तर वर्षांपूर्वीचा कागद कोण सांभाळणार?

अधिकारी : येथेच आपला पक्ष लंगडा पडतो, मॅडम. समजा, वनखात्याने उद्या सगळी कुंपणे काढली; तरी खाजगी शेताचे काय? कोकणातल्या भातखाचरांच्या जागी आंब्याच्या बागा आल्या, शहरातल्या लोकांनी प्लॉट घेऊन तार ओढली. पठारावर कालव्याचे पाणी आले तसे वर्षभर रान मोकळे राहीनासे झाले. वाड्यातली बाई पहाटे चूल आवरून, कोकरे आणि पोरे घोड्यावर बांधून, रस्त्याच्या कडेने दहा-बारा किलोमीटर चालते, नव्या रानात पाणी शोधते, पुन्हा चूल मांडते, आणि हे सहा-सात महिने चालते. तिला विचारले तर ती मुलीला वाड्यावर देणार नाही. मुलांची शाळा बुडते, म्हणून घरटी एक म्हातारे माणूस गावाकडे ठेवावे लागते. आपण ज्या चालण्याची बाजू घेता, ते चालणाऱ्यांनाच नको झाले असेल तर?

या प्रश्नाला संशोधिकेकडे पुरते उत्तर नाही, आणि असल्याचा आव तिने आणू नये. भटकंतीची थोरवी सांगणाऱ्या लिखाणात ही बाई फार क्वचित दिसते. गुंथर सोंथायमर यांनी बिरोबा, म्हसकोबा, खंडोबा यांच्या उपासनेचा आणि मेंढपाळांच्या भटकंतीचा संबंध जोडून दाखवला, माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी गवळी धनगरांच्या परिसरविज्ञानाचा अभ्यास केला. या कामांचे मोल मोठे आहे, परंतु त्यांचा आधार घेऊन कोणी पुढच्या पिढीने चालतच राहावे असे सांगू लागला, तर ते त्या अभ्यासकांनी न काढलेले अनुमान ठरेल. तरीही अधिकाऱ्यांच्या युक्तिवादात एक उडी आहे. मुलांना शाळा हवी आणि बाईला विसावा हवा, यावरून मेंढ्यांनीही एका जागी राहावे असे निष्पन्न होत नाही. अनेक वाड्यांत आजच कुटुंबाचा काही भाग गावी राहतो आणि कळपाबरोबर मोजकी माणसे जातात. त्यांना लागते ती सोय गोठ्याहून निराळी आहे: मुलांसाठी गावाजवळ वसतिगृह, कळपाबरोबर जाणाऱ्यांसाठी वाटेवर पाणी आणि निवारा. आणि शेतकऱ्याला मेंढीखत अजून हवे आहे. रासायनिक खताच्या किमती वाढत असताना मेंढ्या बसवण्याचा व्यवहार आपोआप संपेल असे मानण्यास आधार नाही. तो तोंडी आहे, म्हणून कचेरीला दिसत नाही, एवढेच.

मदत वाड्याबरोबर चालू शकते की नाही, या शंकेला रेशनच्या व्यवहारात उत्तर सापडते. कधीकाळी शिधापत्रिका एका दुकानाला बांधलेली होती आणि गाव सोडले की धान्य सुटत असे. 'एक देश, एक रेशन कार्ड' लागू झाल्यावर तेच धान्य दुसऱ्या तालुक्यातल्या दुकानात अंगठा लावून उचलता येते. जे गव्हा-तांदळाच्या बाबतीत जमले ते लसीच्या बाबतीत न जमण्याचे कारण नाही. पीपीआर, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांमध्ये पसरणारा प्लेगसारखा विषाणूजन्य रोग, याची एक लस साधारण तीन वर्षे पुरते. आंत्रविषाराची लस मात्र दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडी पडावी लागते, कारण कोवळे गवत हावरेपणाने खाल्ल्यावर आतड्यातले जंतू विष सोडतात आणि धडधाकट कोकरू काही तासांत मरते. वाडे ठरलेल्या घाटांतून उतरतात आणि चढतात, त्यांच्या वाटा स्थानिक दवाखान्यांना माहीत असतात. त्या घाटांच्या पायथ्याशी दिवाळीनंतर आणि मेच्या मध्याला लसीकरणाचे तळ लावणे हे खर्चाचे काम नाही. १९६२ या क्रमांकावर येणारी फिरती पशुवैद्यकीय पथके आता आहेत, फक्त त्यांच्या नकाशावर वाड्यांचे मुक्काम नाहीत.

अधिकारी : लसीच्या बाबतीत वाद नाही, किंबहुना एवढे झाले तर अर्धी मरतूक थांबेल. पण अवकाळीच्या रात्रीसाठी तरी निवारा हवाच.

संशोधिका : हवा, आणि तो वाटेवरही हवा. बाजार समितीचे रिकामे शेड, गावाबाहेरचे सभामंडप, बंद पडलेली गोदामे हिवाळ्यात रात्रीपुरती उघडायला ग्रामपंचायतीचा ठराव पुरतो. घोड्यावर मावेल अशी ताडपत्री अनुदानात मिळावी. हवामान खात्याचा इशारा जिल्ह्याला मिळतो. तो वाड्याच्या फोनवर मराठीत, मुक्कामाच्या तालुक्यानुसार, दोन दिवस आधी यावा, म्हणजे त्या आठवड्यात कोणी मेंढ्या कातरणार नाही.

राज्याच्या सध्याच्या योजना या वादात कोठे बसतात, हे थोडक्यात नोंदवायला हवे. राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेत वीस मेंढ्या आणि एक नर ७५ टक्के अनुदानावर मिळतो. ज्याच्याकडे कळप नाही त्याला तो मिळवून देण्यास ही योजना ठीक आहे, पण ज्याच्या शंभर मेंढ्या रानाअभावी उपाशी आहेत त्याला आणखी वीस देऊन काहीच साधत नाही. पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी दरमहा ६,००० रुपयांच्या चराई अनुदानाची तरतूद त्या मानाने अधिक शहाणपणाची आहे, कारण शेतात पिके उभी आणि वनात बंदी असा जो सर्वांत अडचणीचा काळ, त्याच काळावर तिने बोट ठेवले आहे.

सारे तोलून पाहता अधिकाऱ्यांचा पक्ष रोग आणि निवाऱ्याच्या बाबतीत बरोबर आहे, स्थिरतेच्या बाबतीत नाही. ज्याच्याकडे ओलिताची जमीन आहे त्याने बंदिस्त मेंढीपालन जरूर करावे. कोरडवाहू माणसाला तोच मार्ग दाखवणे म्हणजे त्याला वैरणीच्या व्यापाऱ्याच्या स्वाधीन करणे होय. खाजगी कुंपणे काढता येणार नाहीत, हे खरेच. म्हणून गायराने, वनखात्याचे माळ आणि जुन्या वाटा यांचे महत्त्व वाढते. त्यासाठी कायदे बदलावे लागतील आणि वर्षे जातील. तोवर दोन गोष्टी कायदा न बदलता होण्यासारख्या आहेत: आपत्ती निधीच्या निकषातील तीस मेंढ्यांची मर्यादा मेंढपाळ कुटुंबांसाठी केंद्राकडून कायमची उठवून घ्यावी, आणि मेंढी ज्या तालुक्यात मेली त्याच तालुक्याच्या तलाठ्याने व पशुवैद्याने चोवीस तासांत पंचनामा करून तो मालकाच्या खात्याशी जोडावा. पुढच्या डिसेंबराआधी राज्य सरकारने एवढे करावे.